सवाबाचं गिऱ्हाईक

चाचा: आधी माझा पाय सोड. मग जन्नतच्या गप्पा मार.

पुतण्या: दाबू द्या ना, चाचा. थोरल्यांचे पाय दाबण्यात मोठा सवाब आहे, पुण्य आहे.

चाचा: प्लास्टरवरून? खाली माझ्या हाडाला कळत नाहीये, वर फरिश्त्यांना काय कळणार?

फुफी: दुसरा पाय मोकळा आहे की त्याचा.

चाचा: आपा, तू याला वाटा दाखवू नकोस! मोरीत घसरलो, घोटा मोडला, एवढं पुरे झालं. त्यात हा सवाबाचा भडिमार कशाला?

पुतण्या: डॉक्टरांनी सांगितलंय ना, महिनाभर पाय टेकायचा नाही? फुफीचे गुडघे हे असे. तुम्हाला उठवणार कोण, बसवणार कोण? माझं घर तळमजल्यावर आहे. तुम्ही दोघं भावंडं माझ्याकडे चला. खाली गाडी उभी आहे.

चाचा: तुझ्या अब्बांच्या जनाज्यानंतर गायब झालास, तो आज थेट गाडी घेऊन उगवलास. बरं, तेही असू दे. पण घरच्यांच्या ग्रुपवर काय टाकलंस? आपा, वाच गं.

फुफी: थांब, चष्मा... हं. ‘अल्हमदुलिल्लाह. आजारी चाचांची खिदमत करण्याचं भाग्य मला लाभत आहे. सर्वांनी माझ्यासाठी दुआ करावी.’ खाली याचा फोटो.

चाचा: पाय माझा मोडला आणि दुआ याच्यासाठी!

फुफी: फोटो मात्र चांगला आलाय.

चाचा: येणारच. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. स्वतःला मोठं करून बघायची सवय लागलीय.

पुतण्या: चार लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून टाकलं.

चाचा: मिळाली ना. तुझ्या सासऱ्यांचा सकाळीच फोन आला, मीही येतो म्हणाले पाय दाबायला. मी म्हटलं, जागा भरली.

पुतण्या: तुम्ही ना, कशाचीही थट्टा करता. गेल्या जुम्म्याला मौलवीसाहेबांनी काय सांगितलं, ठाऊक आहे? नातलगांवर माया करा, त्याचं फळ अल्लाह वाढवून देतो. कुराणात आयतच आहे तशी.

फुफी: मौलवीसाहेबांनी पुरी सांगितली असणार. तुझ्या कानांनी अर्धीच घेतली.

पुतण्या: अर्धी कशी?

फुफी: अरे, आधी काय येतं? रसूलना, आपल्या पैगंबरांना, हुकूम झाला की लोकांना सांगा, मी तुमच्याकडे या कामाचा काही मोबदला मागत नाही, नात्यातली माया तेवढी हवी. त्याच्यापुढे येतं, जो नेकी करेल त्याच्या नेकीत आम्ही भर घालू.

पुतण्या: तेच तर म्हणतोय मी! भर घालू!

चाचा: बघितलंस, आपा? ताटातलं बाकी सगळं सोडून थेट गोडावर हात. अरे, तिथे मोबदला सोडून माया मागितलीय. तू माझ्या गळ्यात माया मारून वर मोबदला मागतोयस.

फुफी: देणारा देईल रे तुला. त्याच्या घरी कसली कमी आहे? पण आल्यापासून तू आढ्याकडे बघून बोलतोयस. इथे पलंगावर माणूस आहे, त्याच्याकडे बघ की एकदा.

पुतण्या: म्हणजे मी यायलाच नको होतं का?

चाचा: हे बघ, मी जन्मभर बंदरात क्रेन चालवली. माल धक्क्यावरून उचलायचा, जहाजात ठेवायचा. खोक्याला कधी विचारलं नाही की बाबा रे, तुला कसं वाटतंय? आज मी खोकं झालोय. तू मला इथून उचलणार, तिथे ठेवणार आणि वरून पावती घेणार.

पुतण्या: असं नाहीये, चाचा.

चाचा: मग कसं आहे? एक कारण सांग. सवाब नको, जन्नत नको, मौलवीसाहेब नकोत. पटलं तर येतो. नाहीतर मी इथेच सरपटेन, आपा माझ्यावर ओरडेल. आमचं बरं चाललंय.

पुतण्या: कारण... तुमचं वय झालंय.

चाचा: ते माझं कारण. तुझं सांग.

पुतण्या: एवढा पुतण्या असताना लोक काय म्हणतील...

चाचा: ते लोकांचं.

फुफी: बोल की रे! दुकानात गिऱ्हाइकांकडून बारीक बारीक अक्षरं वाचून घेतोस आणि इथे तुझीच जीभ अडते?

पुतण्या: मघाशी मला वर यायला उशीर झाला ना...

फुफी: झालाच. गाडीचा आवाज ऐकून मी चहा टाकला, तो आटून गेला.

पुतण्या: जिन्यात उभा होतो मी. चाचा वर खोकत होते. अगदी अब्बांसारखे. आधी घसा खाकरायचा, मग खोकायचं, मग स्वतःवरच चिडून काहीतरी पुटपुटायचं. अब्बा गेल्यापासून घरात तो आवाजच नाही. वाटलं, मी दार वाजवलं की थांबेल. म्हणून तिथेच उभा राहिलो. ऐकत.



फुफी: या दोघा भावांचा खोकला पहिल्यापासून एकच. आमच्या अम्मीलासुद्धा कळायचं नाही, थोरला खोकतोय की धाकटा.

चाचा: हे नाही टाकलंस ग्रुपवर?

पुतण्या: हे काय टाकायचं असतं, चाचा?

चाचा: आपा, माझा सदरा दे. आणि औषधांची पिशवी घे बरोबर.

फुफी: कधीच भरून ठेवलीय. तुमची जुगलबंदी संपायची वाट बघत होते.

पुतण्या: जिना अरुंद आहे, खुर्ची वळायची नाही. मी पाठीवर घेतो तुम्हाला. हं, गळ्यात हात टाका.

चाचा: गळा आवळला तर सवाब कोणाला?

पुतण्या: चाचा!

फुफी: मी पुढे उतरते. कोसळलात तर निदान मऊ जागी पडाल.

पुतण्या: लागलं का?

चाचा: कठड्याला लागलं, मला नाही. चल.

पुतण्या: किती हलके झालात हो तुम्ही...

चाचा: बोलू नकोस, पायऱ्या बघ. धाप लागलीय तुला.

पुतण्या: नाही लागली.

चाचा: तुझी पाठ माझ्या छातीला टेकलीय, मला कळतं. थांब इथे. भिंतीला टेक जरा.

फुफी: काय झालं रे? का थांबलात?

चाचा: काही नाही, आपा. याच्या डोळ्यांत घाम गेलाय. पुसतोय.