फ्रिजवरचा रिपोर्ट

— नाही गं अश्लेषा, डिक्शनरी आधी बाजूला ठेव, ती गाइडंसुद्धा. परवा माझ्या हातात इंग्रजी पुस्तक पाहिलंस आणि आज दिल्लीच्या गर्दीतून मुनिरक्याहून इथे लक्ष्मीबाई नगरला आलीस, काकू, इंग्रजी कसं सुधारू म्हणून, तर ऐक – ही पिशवी उचल. सगळ्या खुनाच्या गोष्टी आहेत. हसतेस काय? तुझ्या स्पर्धा परीक्षेत खून विचारत नाहीत, बिल्कुल मान्य, पण कुणी केला हे कळेपर्यंत तुला चैन पडणार नाही, आणि त्या नादात इंग्रजी आपोआप अंगात मुरतं. शब्द अडला? अडू दे, पुढे जा. मी अशीच शिकले. सातवी पास बाई मी – सरोजिनी मार्केटात हरीश भाड्याने पुस्तकं द्यायचा, दुपारची भांडी आवरली की मी आणि पुस्तक. पहिलं संपायला चार महिने लागले, नंतर आठवड्याला एक. मग घरोघरी केबल आलं, त्याचं दुकान बसलं, जाताना ही एवढी मलाच देऊन गेला. आता हे गेले म्हटल्यावर सरकारी क्वार्टर सोडायचं, नि अनुरागच्या गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये – सून म्हणते, आई, सामान कमीच आणा.

ह्यांना? ह्यांना कुठे माहीत होतं. एकदा ऑफिसच्या पार्टीत मी साहेबांच्या मिसेसशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलले, तर हे सगळ्यांसमोर हसले – वाईट नव्हते गं, थट्टेचा स्वभाव – पण मला लागलं. म्हटलं, गुपचूप शिकेन, ह्यांच्या रिटायरमेंटच्या समारंभात उभी राहून इंग्रजीत बोलेन, मग बघू कोण हसतं. नऊ वर्षं पुस्तकं पलंगाच्या पेटीत लपवली. इंग्रजी पत्र आलं की आधी वाचून ठेवायची आणि मग ह्यांना म्हणायची, काय लिहिलंय हो? मजा वाटायची.

म्हणून तर त्यांनी रिपोर्ट उघडाच टाकला ना – फ्रिजवर, विजेच्या बिलाशेजारी. लपवायचं कशाला, बायकोला कुठे वाचता येतं. मी कणीक मळत होते, हात धुतले नि वाचला. एकही शब्द अडला नाही. कॅन्सर, आणि तो लिव्हरपर्यंत गेलेला. होता तसाच परत ठेवला. संध्याकाळी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तर म्हणाले, गॅसेस आहेत, तिखट कमी कर. आणि मी – मी तिखट कमी केलं. आठ महिने. ते बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, मी इकडे मिक्सर लावून. दोन खोल्यांच्या घरात दोघं एकेकटे.

बोलायला हवं होतं, हो ना? कळतंय मला. पण मग सांगावं लागलं असतं – मला वाचता येतं, नऊ वर्षं तुम्हाला फसवलं. आजारी माणसाला आणखी हे कसं सांगायचं? शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझा हात धरला, म्हणाले, चंद्रा, एक गोष्ट तुझ्यापासून लपवली मी. मी काय म्हणाले ठाऊक आहे? घरी गेल्यावर सांगा, आधी सूप प्या. घाबरले गं, त्यांनी सांगितलं की मलाही सांगावं लागेल म्हणून. त्यांना मन मोकळं करून जायचं होतं, मी तेवढंही करू दिलं नाही. संध्याकाळी गेले.

— हे अनुरागलाही ठाऊक नाही. तुला का सांगत बसले कोण जाणे. नाही, पाणी नको. सोड हात. चल, नीघ तू आता, बसला गर्दी होईल. दार ओढून घे.