सासऱ्यांचा खर्रा

दवनीवाड्याला सासरी आम्ही चिंचोक्यांवर पोकर खेळतो. ज्याचे चिंचोके संपले, त्यानं सकाळी धानाच्या रोवणीला चिखलात उतरायचं. सासऱ्यांची खोड मला पाठ होती. पत्ते चांगले आले की ते तोंडातला खर्रा थुकायला अंगणात जात.

त्या दिवशी मला तीन राण्या लागल्या. पत्ते जोरदार, पण हरणारच नाहीत असे नव्हेत. मी सासऱ्यांवर नजर ठेवली. ते गाल फुगवून बसलेले, जागचे हलेनात. मी वाढवत गेलो, शेवटी सगळी रास पुढं लोटली.

त्यांनी तीन बादशा दाखवले आणि अंगणात पळाले.

ते परतल्यावर मी विचारलं, "मामाजी, आधी काऊन नाही उठले?"

"जवाईबापू, तुम्ही उठू द्याल तवा ना. तुम्ही तं वाढवूनच राहिले."