विसरलेली बॅटरी

(एप्रिलअखेर, उत्तर फिनलंडमधलं एक खेडं. शेडच्या भिंतीलगत अजून मळकट बर्फ आहे. म्हातारा ऑस्मो स्टुलावर बसलाय. त्याची मुलगी रीत्ता मोटरसायकलच्या मागे उकिडवी.)

रीत्ता : मोजा कुठाय?

ऑस्मो : कुठला मोजा?

रीत्ता : सायलेन्सरच्या तोंडातला. उंदीर शिरू नयेत म्हणून दर हिवाळ्यात कोंबता तो. इथं तर नुसतं गवत लागतंय हाताला. बिऱ्हाड थाटलंय आत कुणीतरी.

ऑस्मो : असू दे. यंदा थंडी फार होती. त्यांनी तरी कुठं जायचं?

रीत्ता : बाबा, उंदरांची कणव नका आणू. आठवडाभर औलू शहरात बस हाकायची आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडी चालवून इथं यायचं. पाठ मोडून आली माझी.

ऑस्मो : मग कॉफी घे. वेलदोड्याचा पाव आहे फडक्यात. कालचा आहे, पण बुडवून चालेल.

रीत्ता : नंतर. हे मागचं चाक बघा, एका अंगानं बसलंय. स्टँडवर चढवून खाली फळी नव्हती घातली?

ऑस्मो : नसेल घातली.

रीत्ता : नसेल म्हणजे? इंजिनाचं तेलही काळंकुट्ट आहे. हिवाळ्याआधी तेल बदलल्याशिवाय गाडी ठेवायची नाही, हे मला कुणी शिकवलं? सातवीत होते मी. शिकवता शिकवता कान पिळला होतात.

ऑस्मो : हळूच पिळला होता.

रीत्ता : दोन दिवस लाल होता.

ऑस्मो : तुझ्या आईनंही मला दोन दिवस जेवायला हाक मारली नव्हती. फिटलं ते. बॅटरी आणलीस?

रीत्ता : नाही. राहिली घरी.

ऑस्मो : आजही?

रीत्ता : विसरले, बाबा. पहाटेच्या पाळीवरून आले की बूटसुद्धा काढायचं सुचत नाही, बॅटरी कुठून लक्षात राहणार? चार्जरला लावलेली आहे. आणते.

ऑस्मो : बरं.

रीत्ता : एकदा रागवा तरी. मागच्या खेपेलाही नुसतं ‘बरं’ म्हणालात. परवा एक मे, सुट्टीचा सण. सगळे जण गाड्या घेऊन चौकात जमतील आणि तुमची इथं उंदरांचं घर होऊन उभी. तुम्हाला काहीच वाटत नाही?

ऑस्मो : तू ती चेन पूस ना. गंज धरलाय.

रीत्ता : चेन राहू दे. टाकीचं झाकणही जाम झालंय... थांबा. निघालं.

ऑस्मो : रीत्ता, पाव खाऊन घे आधी.

रीत्ता : टाकी रिकामी आहे.

ऑस्मो : हं.

रीत्ता : पार रिकामी. आतून तांबूस झालीय सगळी. काठोकाठ भरून ठेवायची, हवेला जागा ठेवायची नाही, असं गावभर सांगत फिरायचात तुम्ही. फळी नाही, तेल नाही, मोजा नाही. बाबा, खरं सांगा. तुम्हाला आठवेनासं झालंय का? घाबरू नका, मी चिडणार नाही. डॉक्टरकडे जाऊ आपण.

ऑस्मो : माझं डोकं ठीक आहे. या गाडीची चावी कुठल्या डब्यात आहे तेही सांगतो.

रीत्ता : मग?

ऑस्मो : मग काय. पेट्रोल मीच काढलं. गवत कापायच्या यंत्रात घातलं.

रीत्ता : का?

ऑस्मो : सप्टेंबरात गिरणीच्या वळणावर एक पोर सायकलवर आली. लाल टोपी होती डोक्यावर. मला दिसलीच नाही, रीत्ता. अगदी चाकाजवळ आल्यावर दिसली. तिनं मला हात केला, हसली आणि गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. मी तिथंच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत घरी आणली. पुन्हा चालवायचीच नव्हती, तर तेल कशाला बदलू?

रीत्ता : आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

ऑस्मो : तू टाकी उघडलीस म्हणून.

रीत्ता : ढकलत? चढावरून? या वयात?

ऑस्मो : दोनदा बसलो मध्ये.

रीत्ता : बाबा, एरो आणि मी हिवाळाभर फोनवर तेच बोलतोय. बाबांना गाडी बंद करा म्हणून कोण सांगणार. तो म्हणतो तू सांग, मी म्हणते तू थोरला भाऊ आहेस. शेवटी माझ्याच गळ्यात आलं. दर खेपेला ठरवून यायचे, आणि तुम्ही त्या स्टुलावर बसलेले दिसलात की तोंड उघडायचं नाही. म्हणून ती बॅटरी... ती घरी नाहीये.

ऑस्मो : डिकीत आहे.

रीत्ता : तुम्हाला कसं माहीत?

ऑस्मो : मागच्या रविवारी बटाट्याचं पोतं कुणी ठेवलं तुझ्या डिकीत? घोंगडीखाली काय टणक लागतंय म्हणून बघितलं.

रीत्ता : आणि तरी विचारलंत, बॅटरी आणलीस का.

ऑस्मो : विचारायला नको? नाहीतर तुला संशय आला असता.

रीत्ता : म्हणजे मी तुम्हाला फसवतेय आणि तुम्ही मला. आणि मध्ये मी उंदरांचं गवत उपसतेय. फोन करून बोलावलंत कशाला मग? बर्फ वितळलं, गाडी काढू या, म्हणालात.

ऑस्मो : दर वर्षी तेच म्हणतो.

रीत्ता : मी थकलेय हो, बाबा. खरंच थकलेय.

ऑस्मो : दिसतंय. तेवढं दिसतं अजून. नाताळात आलीस ती अंगावरचा कोट न काढता बसलीस आणि उठून गेलीस. या गाडीसाठी मात्र सबंध दिवस थांबतेस. हात काळे करतेस, भांडतेस, कॉफी पितेस. गाडी बंद केली म्हणून सांगितलं असतं, तर तू कशासाठी आली असतीस?

रीत्ता : कॉफी ओता.

ऑस्मो : पाव घे.

रीत्ता : कडक झालाय.

ऑस्मो : बुडव म्हटलं ना.

रीत्ता : बॅटरी आणून ठेवू का इथं? डिकीतच आहे.

ऑस्मो : नको. घरी घेऊन जा. पुढच्या रविवारी आण.

रीत्ता : मी विसरेन, बाबा.

ऑस्मो : विसरलीस तरी ये.