गडग्यापाशी दोन जोडपी

हॅलो? … हॅलो, श्रुती? … थांब, थांब गो, घरात रेंज नाही. गच्चीत येत्ये. … हां, बोल. … हो, योगिनीच. दमल्ये जरा, दुसरं काही नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, तिच्या डोळ्यात ड्रॉप्स घाला, मग वर येऊन ही आमसुलं उलटा… ते जाऊ दे. उघडलात?

… उघडलात! आलेखाचा तो झाकून ठेवलेला भाग? इतके महिने कोणालाच बघू देत नव्हतात… आणि? … आहे? नक्की आहे? … अगं, ओरडू नको, कानठळ्या बसतील माझ्या. … हो आई, सापडला! तो चार क्वार्कांचा कण! श्रुतीच्या प्रयोगात सापडला! … काही नाही, आई जिन्यातून विचारत्ये. तू बोल. वस्तुमान किती आलं?

… काय? … परत सांग. … म्हणजे दोन मेसॉनांच्या, दोन-दोन क्वार्कांच्या जोड्यांच्या, वस्तुमानाच्या बेरजेला अगदी चिकटून? … दोन गटांनी वेगवेगळं तपासलंत. हं.

… नको, शब्द शोधत बसू नको. माझ्या गणितात तो त्याहून पुष्कळ हलका यायला हवा होता. इतकी वर्षं म्हणत आल्ये, चौघं एका घरात घट्ट राहतात. ती तर दोन जोडपी निघाली, दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी गप्पा मारत उभी! … हो, वाईट वाटतंय. खूप. पण रडायलाही त्राण नाही गो आत्ता.

… शोधनिबंधात काय लिहिताय? … 'काही मॉडेलांशी जुळत नाही'? काही म्हणजे कुठली? … अगं ऐक ना… ऐक. मला सांभाळून घेऊ नको. मी नेमका आकडा छापला होता, तो चुकला. माझं नाव घालून लिही. नाहीतर आणखी कोणी पोर त्याच वाटेने जाऊन वर्षं घालवेल. … हो, म्हणत्ये ना, घाल.

… थांब हं. काय गं आई? … अगं, वाकू नको! डोळा… आणि हा नारळ कशाला? … अगं आई!

… श्रुती, ऐक आता. हिने हेदवीच्या गणपतीला नवस केलाय. … काय म्हणून काय? 'हिचा कण सापडू दे.' … हो ना! हिचं गणित बरोबर येऊ दे, एवढं मागायचं राहिलं. … हसू नको. … मीही हसत्ये का? असेल.

… थांब, सांगत्ये तिला. आई, कण आहे, पण माझं गणित चुकलं गं! … श्रुती, ऐकलंस? म्हणत्ये, 'सापडला ना? मग फेडायलाच हवा.' … बरोबरच आहे तिचं.

… हो, डॉक्टरांना विचारून नेईन, जयगडच्या फेरीबोटीने. नारळ मलाच फोडावा लागणार, तिला वाकायची मनाई आहे. … नाही गो, माझ्यासाठी काही मागणार नाही. तो सापडलाय, त्याचाच नारळ. … निबंधात माझं नाव घालायला विसरू नको. ठेवत्ये.