आमच्या अप्पांना सायकल येत नव्हती

आणि हार कुणाला घातला म्हणता? सायकलीला! झेंडूचा, हा एवढा जाड, हँडलवरनं खाली लोंबणारा, सीटला कुंकू, घंटीवर अक्षता... आणि तो घालायला बोलावलं मला, शाल देऊन, मंडळाच्या स्टेजवर, तीनशे माणसांसमोर, 'अप्पासाहेबांचे चिरंजीव मल्हारराव यांनी पूजन करावं' म्हणून. केलं पूजन. तुम्हांला सांगतो, आमच्या अप्पांना सायकल येत नव्हती हो. आयुष्यात कधी बसले नाहीत. समोरनं सायकल आली की रस्त्याची बाजू बदलणारा माणूस तो. आणि मी त्यांचा सख्खा मुलगा, साठीचा घोडा, उभा राहून त्यांच्या सायकलीला ओवाळतोय. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार?

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा काहीतरी बरळतोय. आम्ही बेंगळूरचे, चामराजपेटेतले. परवा पुण्याहून आयटीत आलेले नव्हे, साडेतीनशे वर्षं इथलेच, घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडायचं असलं तर दोन्ही. आमच्या मंडळाचं एक मासिक पत्रक निघतं. मी टेलिफोन खात्यातनं रिटायर झालो, घरी येऊन चपला काढतोय तोवर अध्यक्ष रणजीतराव दारात. म्हणाले, मल्हारण्णा, तुम्ही आता मोकळेच, पत्रक तुम्ही बघा. मोकळा माणूस म्हणजे सार्वजनिक नळ, कुणीही यावं, बादली लावावी! बरं, काढले चार अंक. हातानं लिहून, खोडून, परत लिहून. मग कमिटीत आली मुग्धा. ती पुण्याची, आयटीतली, मुलगी गुणाची, उगाच वाईट बोलायचं नाही, पण बोलते इतकी भराभर की आपलं 'हो' म्हणून होईपर्यंत तिचे तीन ठराव पास झालेले असतात. तिनं पत्रकाचं न्यूजलेटर केलं, ईमेलवर चढवलं, आणि एक दिवस लॅपटॉप उघडून मला आकडे दाखवले. पाठवलं तीनशे चाळीस जणांना. उघडलं अकरा जणांनी. अकरा! आणि त्यात चार वेळा मीच होतो, एकदा माझ्या फोनवर, एकदा बायकोच्या, दोनदा चुकून.

तर मुग्धा म्हणाली, काका, कंटेंट फार ड्राय होतोय, एआय वापरा ना, आजकाल सगळे ब्लॉगवाले तेच करतात, तुम्ही फक्त पॉइंट्स द्यायचे, बाकी ते लिहितं. म्हटलं, सरी, तसंच करू. गणेशोत्सवाचं साठावं वर्ष, 'मंडळाचे आधारस्तंभ' असं सदर, पहिला लेख कुणावर? रणजीतराव म्हणाले, तुमच्या वडलांवर. एकतीस वर्षं चिटणीस होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? अप्पा जाऊन सव्वीस वर्षं झाली, कुणाला आठवण होती?

बसलो पॉइंट्स लिहायला. आता काय लिहायचं अप्पांबद्दल? टेलर होते. गल्लीत दुकान, सहा बाय आठ. जिवंतपणी त्यांना सगळे टेलर अप्पाच म्हणायचे, ते 'साहेब' आत्ता लागलंय, मेल्यावर. सकाळी आठला पायमशीनवर बसायचे, रात्री आठला उठायचे. तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळं बोलणं नाही. मंडळाच्या गणपतीचे पडदे दर वर्षी तेच शिवायचे, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे, एका पडद्यात साठ घरांचे ब्लाउज. आणि मूर्ती चाळीस किलोमीटरवरच्या आनेकलहून आणवायचे. तिथं एक कुंभार होता, त्याला हे कार्ड टाकायचे, आणि मूर्ती यायची कोबीच्या लॉरीत बसून, मार्केटात. हे पहाटे जाऊन उतरवून घ्यायचे. झालं. एवढाच माणूस. मी लिहिलं: 'टेलर. एकतीस वर्षं चिटणीस. पडदे शिवायचे. आनेकलहून मूर्ती आणायचे. भावस्पर्शी लेख लिही, सहाशे शब्द.' बघा, लॉरी लिहायची राहिली! कोबी लिहायचा राहिला! ही एवढी माझी चूक.

पाच सेकंद. पाच सेकंदांत लेख. 'सन १९७१. धुवांधार पाऊस. रस्ते बंद. गणराय यंदा येणार की नाही, अशा चिंतेत चामराजपेट बुडालेले असताना एका सामान्य शिंप्याने आपली सायकल बाहेर काढली...' आणि मग जो निघाला आहे तो शिंपी, विचारू नका. चिखल, अंधार, ओढ्याला पूर, चार फुटांची मूर्ती मागे कॅरियरवर, अंगातला सदरा काढून बाप्पाला गुंडाळलेला, आणि हा उघड्या अंगानं आनेकल ते चामराजपेट पायडल मारतोय! शेवटी मंडपात पोचतो, मूर्ती ठेवतो, आणि म्हणतो, 'देव थांबला नाही, मग मी कसा थांबू?' अहो, आमचे अप्पा! ज्यांनी माझ्या लग्नात एकूण तीन वाक्यं बोलली, त्यातलं एक 'पंखा लावा'!

आणि खाली त्यानं नम्रपणे विचारलं होतं, 'हवे असल्यास मी यात आणखी भावनिक ओलावा आणू शकतो.' आणखी? पाऊस, पूर, ओढा, अजून ओलावा कुठं आणतोस बाबा?

आता तुम्ही म्हणाल, मल्हारराव, तुम्हांला दिसत होतं ना खोटं आहे, मग काढायची ती सायकल. काढली हो! काढून बघितली. मग लेखात काय उरलं? एक माणूस मशीनवर बसलाय. तोंडात टाचण्या आहेत. दोन तास मी त्या दोन वाक्यांकडं बघत बसलो. आणि खरं सांगू, सायकलवाला लेख वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या! मला माहीत असून! मनात म्हटलं, त्या साली मी सहा वर्षांचा, मला काय आठवणार, गेलेही असतील एखाद वेळेस... तेवढ्यात मुग्धाचा फोन आला, काका, अंक आजच जायला पाहिजे. दिला पाठवून. लाज वाटते सांगायला, पण दिला.

तीनशे चाळीसपैकी तीनशे बारा जणांनी उघडला! दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहापासून फोन. येलहंक्याहून यशोवर्धनकाका, वय एक्याऐंशी, एअरफोर्समधले रिटायर, रडत होते फोनवर. म्हणाले, मल्हार, मीच रे त्या दिवशी टायरात हवा भरून दिली. मी म्हटलं, काका, एकाहत्तर साली तर तुम्ही पठाणकोटला होता. त्यांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, रजेवर आलो होतो. ज्या सायकलीत हवा भरली ती नाही, ज्यानं चालवली त्याला येत नाही, आणि ज्यानं भरली तो पठाणकोटला! पण पंप बघा कसा पक्का आठवतोय, म्हणाले निळा होता.

मी लगेच ठरवलं, पुढच्या अंकात खुलासा. आणि एआयला हात लावायचा नाही, स्वतःच्या हातानं लिहायचं. लिहिलं: 'मागील अंकातील सायकल प्रवासाचा प्रसंग घडलेला नाही. मूर्ती लॉरीने येत असे. माझ्या वडिलांना सायकल चालवता येत नव्हती. क्षमस्व.' पाठवलं मुग्धाला. तिचा फोन. म्हणाली, काका, हे एआयनं लिहिलंय का? कारण यात ह्युमन टच अजिबात नाहीये. अगं बाई, चाळीस मिनिटं घाम गाळलाय मी त्याच्यावर! तिनं तो शेवटच्या पानावर टाकला, वाढदिवसांच्या यादीखाली. नऊ जणांनी वाचला. त्यात रणजीतराव होते. त्यांनी घरी येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, मल्हारण्णा, किती हा विनय, मोठ्या माणसाच्या पोटी जन्मून मोठेपण नाकारायलाही मोठं मन लागतं. बायको, संध्या, आत कॉफी करत होती, तिनं तिथनंच ऐकलं आणि दूध उतू घालवलं हसून हसून. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार?

चिडून गेलो त्या एआयकडंच. विचारलं सरळ, ही सायकल तू कुठनं आणलीस? आणि काय सांगू तुम्हांला, लगेच कबूल! 'तुमचे अगदी बरोबर आहे. हा प्रसंग मी कल्पनेने रचला होता. दिशाभूल झाल्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व.' सगळ्या बेंगळुरात एकटं ते कबूल झालं, आणि त्याची साक्ष कुठं चालत नाही! आणि खाली? 'हवे असल्यास मी हा माफीनामा अधिक भावस्पर्शी करून देऊ का?' लॅपटॉप मिटला मी.

तोवर तिकडं सायकल सापडली. हो, सापडली! रणजीतरावांना मार्केटातल्या कुठल्याशा भंगारवाल्याकडं, गंजलेली, आणि त्यांना बघताक्षणी ओळख पटली. कशावरनं? तर म्हणे अंतर्मन. घासली, काळा रंग दिला, 'अप्पासाहेबांची सायकल' अशी पाटी लावली, आणली मंडळात. मी बघतो तर लेडीज सायकल! मधला दांडा नाही! म्हटलं, रणजीतराव, ही बायकांची आहे. ते म्हणाले, बरोबर, मूर्ती ठेवायला-उतरवायला सोपं पडावं म्हणून, किती दूरदृष्टी बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच एकटा वेड्यासारखा.

शेवटी एकच साक्षीदार उरला. आई. सोयराबाई, वय चौऱ्याऐंशी, कान थोडे कमी, बाकी टणक. तिला म्हटलं, तू एकदा स्टेजवर ये आणि सांग सगळ्यांना, अप्पांना सायकल येत नव्हती. तुझं तरी ऐकतील. ती वाती वळत होती. वळतच राहिली. म्हणाली, "येत नव्हती. लग्न झालं तेव्हा मीच शिका म्हटलं होतं, एकदा बसले आणि गटारात गेले, परत नाव नाही काढलं." मी म्हटलं, हेच, हेच सांग! तर म्हणते कशी, "मी नाही सांगणार. जन्मभर त्या मशीनवर पाय मारत बसले रे. चाळीस वर्षं पाय मारले, एक फूट पुढं गेले नाहीत. आता गेले असतील आनेकलपर्यंत, तर जाऊ दे की. तुझ्या बापाचं काय जातं?"

"आई, माझ्याच बापाचं जातंय," म्हटलं.

तिनं हातातली वात खाली ठेवली. म्हणाली, परवा देवळात दोन बायका माझ्या पाया पडल्या, अप्पासाहेबांच्या घरातल्या म्हणून. सव्वीस वर्षांत कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं माझ्यासमोर. खोटं आहे हे मला कळतं, पण नाव तर त्यांचंच घेतलं ना. आणि परत वाती वळायला लागली. मला त्या पडद्यांचं वाईट वाटतं हो, साठ घरांच्या ब्लाउजांच्या. ते मंडळाच्या माळ्यावर पडलेत अजून, त्यांना कुणी हार घालत नाही. मी जाऊन एकदा झटकून आलो तेवढं.

तर हार घालून झाला, टाळ्या झाल्या, मी खाली उतरणार, तेवढ्यात रणजीतरावांनी माइक परत घेतला. घोषणा! यंदा चतुर्थीला 'अप्पासाहेब स्मृती सायकल फेरी', आनेकल ते चामराजपेट, चाळीस किलोमीटर, मुग्धानं टीशर्टसुद्धा छापायला दिलेत, आणि सर्वांत पुढं, मूर्ती घेऊन, त्याच ऐतिहासिक सायकलीवर कोण? मी! यशोवर्धनकाका हवा भरणार. निळा पंप आणलाय त्यांनी नवीन. मी माइकपाशी जाऊन म्हणालो, रणजीतराव, ऐका माझं, मला जमणार नाही. ते म्हणाले, "काळजी नको मल्हारण्णा, सायकल तुमच्या रक्तातच आहे."

आहे हो रक्तात. अप्पांच्या होती तेवढीच आहे. मला सायकल येत नाही! शिकवणार कोण होतं घरात? टेलिफोन खात्यात तीस वर्षं बसनं गेलो मी.

आता चतुर्थीला अठरा दिवस राहिलेत. तेलपाणी करतो म्हणून सायकल घरी आणलीय, आणि रोज सकाळी सहाला गल्लीत, कुणी उठायच्या आत, संध्या मागनं कॅरियर धरून पळते आणि मी बसतो. एआयला विचारलं, साठाव्या वर्षी सायकल कशी शिकावी, तर त्यानं दहा मुद्दे दिले, त्यातला पहिला, 'स्वतःवर विश्वास ठेवा'. ठेवला. काल सकाळी संध्या सोडू का, सोडू का म्हणत होती, कधी सोडलं कळलंच नाही, दहा पावलं मी एकटा गेलो, खरंच गेलो, मनात म्हटलं बघा अप्पा... आणि समोर दूधवाल्याचे क्रेट. गुडघा फुटला, कोपर सोललं, दूध सगळ्या गल्लीभर. आई उंबऱ्यावर बसली होती. उठली, आतनं हळद आणली, गुडघ्यावर चेपली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "अगदी बापावर गेलास."