पंपाची जागा

कोच : पंप स्टोअररूममध्ये आहे. चेंडूंच्या जाळीशेजारी. जगातले सगळे पंप तिथेच नांदतात.

कॅप्टन : ते बरोबर आहे, मॅडम. पण आमचा पंप मसाजरूममध्ये राहतो.

कोच : राहायचा. आज सकाळी मी हलवला. आल्यापासून बघतेय, चेंडू या टोकाला, पंप त्या टोकाला आणि मध्ये तुमची वरात. चपला स्वयंपाकघरात ठेवाव्यात तसं वाटत होतं.

कॅप्टन : तो परत तिथे ठेवला तर चालेल का? आत्ता, लगेच?

कोच : कशाला?

कॅप्टन : सवय आहे.

कोच : कुणाला, पंपाला?

कॅप्टन : चेंडूंतली हवा जाते, मॅडम. सारखी भरावी लागते.

कोच : सगळ्यांतली?

कॅप्टन : एकाच दुकानातले आहेत.

कोच : अगं, हा घे. दाब बघू. दबतोय? हा डोक्यात बसला तर चेंडूला काही होणार नाही. काल प्रॅक्टिस संपली तेव्हा तुमची मनगटं लालबुंद झाली होती. मी अर्धं आयुष्य व्हॉलीबॉल खेळले. हवा कमी म्हणून रडणारे संघ पाहिलेत. चेंडू दगड झाला तरी पंप शोधत फिरणारा संघ पहिल्यांदाच बघतेय.

कॅप्टन : आमच्यात उत्साह आहे.

कोच : तोही पाहिला. एक पंप आणायला जाते. दुसरी ठेवायला. तिसरी, पंपाची पिन राहिली म्हणून. काल तर तुमची ती डावखुरी आत गेली, हात हलवत परत आली, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. तू लांबूनच मान डोलावलीस. म्हणजे काम झालं होतं. कुठलं काम?

कॅप्टन : मॅडम, चिमणीचा नंबर आहे आता. गुडघा.

कोच : ती नवीन? कॉलेज संपवून आलेली? मग जाऊ दे की मसाजला. काका आहेत आत.

कॅप्टन : हो. काका आहेत आत.

कोच : हे असं काय म्हणालीस?

कॅप्टन : तुम्ही म्हणालात तेच म्हणाले. पंप द्या ना, मॅडम.

कोच : तिला सांग, आज मसाज नाही. बर्फ घेऊन बाकावर बस म्हणावं. मग इकडे ये.

(कॅप्टन जाते आणि परत येते. दार उघडंच ठेवते.)

कोच : बसली?

कॅप्टन : बसली. डावखुरी तिच्या शेजारी आहे. काकांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, मॅडमनी बोलावलंय.

कोच : आता सांग. पंप काय काम करतो?

कॅप्टन : दार उघडतो.

कोच : कुणी आत असताना?

कॅप्टन : कुणी एकटी आत असताना. थोड्या वेळानं दुसरी जाते. 'काका, पंप.' मग तिसरी. 'काका, पिन.' दार सारखं उघडतं. काका वैतागतात, पण चेंडूला हवा नको असं कसं म्हणणार? भरल्याशिवाय परत ठेवायचा नाही, नाहीतर त्यांना कळेल. म्हणून भरतो.

कोच : आणि मनगटं लाल करून घेता.

कॅप्टन : मनगटं बर्फानं बरी होतात.

कोच : ही शक्कल कुणाची?

कॅप्टन : माहीत नाही. माझ्या आधीच्या कॅप्टनताईनं जर्सीवरची पट्टी दिली तेव्हा एवढंच सांगितलं, पंप तिथेच राहू दे. मी विचारलं, का? म्हणाली, कळेल.

कोच : कळलं?

कॅप्टन : पहिल्याच मोसमात. पाय मुरगळला होता. काकांचा हात पायापाशी थांबेना. मी म्हटलं, काका, दुखतंय ते खाली. तर म्हणाले, शरीरात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं, तुम्हा पोरींना शास्त्र कळत नाही. तेवढ्यात ताई पंप मागायला आली.

कोच : तेवढ्यात.

कॅप्टन : ती नेहमी तेवढ्यातच यायची. तिच्या आधी पंप नव्हता म्हणे. आत भिंतीवर घड्याळ होतं. मुली वेळ बघायला जायच्या. मग काकांनी घड्याळ उतरवलं.

कोच : हे कितीजणींना माहीत आहे?

कॅप्टन : सगळ्यांना. म्हणून तर कुणी बोलत नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगायची कुणाला?

कोच : मला. मला का नाही सांगितलंस?

कॅप्टन : सांगणार होते. पण पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, आपण एक कुटुंब आहोत. मागचे सरही तेच म्हणाले होते. म्हटलं, थोडं थांबावं.

कोच : हं. लागलं.

कॅप्टन : तसं नाही, मॅडम. इथे माणूस आला की आधी नातं लावतात. काका, दादा, मामा. एकदा काका म्हटलं की मग काही विचारता येत नाही. आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं. तिला पूर्ण मोसम राखीव बसवलं. तिच्यामुळे संघाची लय बिघडते म्हणे.

कोच : आणि तुला काय वाटतं, मी काय करीन?

कॅप्टन : तेच बघतेय. पंप हलवलात तेव्हा वाटलं, यांना सांगून फायदा नाही. मग तुम्ही पिनेचं बोललात. इतक्या वर्षांत पिनेकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

कोच : ते मसाजचं टेबल जड आहे का?

कॅप्टन : चौघी लागतील. का?

कोच : चौघींना बोलाव. पाचवी मी.

*

सेक्रेटरी : हे काय ऐकतोय मी? टेबल हॉलच्या मधोमध? काका बिचारे खोलीत नुसते उभे आहेत.

कोच : या, सेक्रेटरीसाहेब. बसा. टेबलावर नको, खुर्चीवर.

सेक्रेटरी : अहो, उघड्यावर मसाज म्हणजे लोक बघतील.

कोच : हो.

सेक्रेटरी : बघतील म्हणतोय मी.

कोच : मीही तेच म्हणतेय. आणि मसाज दुसरं कुणी करेल. काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसू द्या.

सेक्रेटरी : चौकशी? त्यांनी संस्थेसाठी हाडाची काडं केली. हाताला गुण आहे त्यांच्या.

कोच : मग तो हातही घरी नेऊ द्या.

सेक्रेटरी : मॅडम, स्पर्धा तोंडावर आलीय. आणि तक्रार कुठे आहे? आपल्याकडे रीतसर तक्रारपेटी आहे. मी स्वतः उघडतो. आजवर एक चिठ्ठी निघाली नाही. याला म्हणतात संघभावना.

कोच : पेटी आहे कुठे?

सेक्रेटरी : माझ्या केबिनमध्ये. सुरक्षित. मी असतो तेव्हा कुणीही येऊन टाकावी. मी नसतो तेव्हा केबिनला कुलूप असतं.

कॅप्टन : सर, पेटीवर करंडक ठेवलाय तुम्ही. आदर्श संघाचा. फट त्याच्याखाली गेलीय.

सेक्रेटरी : तो तिथे शोभून दिसतो. बेटा, तू मध्ये बोलू नकोस. मोठ्यांचं चाललंय.

कॅप्टन : माझंच चाललंय, सर.

सेक्रेटरी : म्हणजे तुला तक्रार करायची आहे? नीट विचार कर. निवड समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. नाव चर्चेत आहे तुझं. हे असं काही निघालं तर लोक विचारतात, इतके दिवस गप्प का होतीस?

कॅप्टन : गप्प नव्हतो, सर. पंप मागत होतो.

सेक्रेटरी : कसला पंप?

कोच : ते ती चौकशीत सांगेल. समितीत बाहेरच्या दोन बाया हव्यात, संस्थेतलं कुणी नको. मी पत्र देतेय, खाली सही माझी. ज्या मुलीला राखीव बसवलं होतं, तिलाही बोलवायचं, यायचं असेल तर. आणि हिचं नाव यादीतून गेलं, तर निवड समितीसमोर पहिला प्रश्न माझा.

सेक्रेटरी : आणि मी नाही म्हटलं तर?

कॅप्टन : तर स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळ्या त्या टेबलावर बसून राहू. जागा कमी पडेल, पण सवय आहे.

सेक्रेटरी : ... लेखी लागेल. तोंडी मला घेता येत नाही.

कॅप्टन : करंडक उचला, सर. चिठ्ठी टाकते.

सेक्रेटरी : आत्ता?

कॅप्टन : तुम्ही आहात तोवर. नाहीतर कुलूप लागेल.

सेक्रेटरी : बरं. बघतो. म्हणजे, उचलतो. किल्ली कुठे ठेवली मी...

कोच : शर्टाच्या खिशात, साहेब. हां, तीच. व्हा पुढे, आम्ही आलोच.

कॅप्टन : गेले?

कोच : गेले. तो चेंडू का आपटतेयस?

कॅप्टन : माहीत नाही. सर्व्हिस करायच्या आधीसुद्धा आपटते. मग होतं नीट.

कोच : मग चल. सर्व्हिस तुझी आहे.

कॅप्टन : येते. मॅडम, पंप स्टोअररूममध्येच राहू दे. फक्त पिन द्या.

कोच : आता पिन कशाला?

कॅप्टन : चिमणी विचारतेय, चेंडूंतली हवा थोडी सोडू का.