काजूच्या काट्यावर बायको

मी माझ्या बायकोला काजूच्या वजनकाट्यावर चढवून वर्षभर सुकवली आणि तिचा खुबा मोडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला शहाणा समजायला नको.

मी लांज्याचा. म्हणजे गाव आत तीन कोस, पण विचारणाऱ्याला लांजाच सांगतो. बापूस खळ्यावर भात मोजायचा. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. तो शब्द ऐकतच मोठा झालो आणि काजूच्या कारखान्यात काटेवाला झालो. पहिलं पोतं काट्यावर चढलं की ओरडायचो, लाभ! हायवेवरच्या एसटीच्या थांब्यापर्यंत आवाज जायचा, त्याचा मला कोण माज.

तर ऐंशीच्या पुढची सालं. सुलोचनाची, म्हणजे आमच्या घरातलीची, पाळी गेली आणि अंग सुटलं. तिला त्याचं काही नव्हतं, गोठा काढायची, पाणी भरायची, बांगड्याचं कालवण नि भात पोटभर जेवायची. झोंबलं ते मला. एकदा ती माझा डबा घेऊन आली, तर काजू सोलणाऱ्या बायकांतली एक म्हणाली, ओ काटेवाले, ह्या पोत्याचं वजन कधी केलंत? सगळ्या हसल्या, मीही हसलो, आणि घरी जाऊन तिचा भात बंद केला. काय सांगू तुम्हाला, त्यात मुंबईचा भाऊ गणपतीला आलेला, तो म्हणाला जाड बायकांचं हृदय बंद पडतं, मग काय, मला शास्त्रच सापडलं. भात बंद, दूध बंद, मासे बंद, नारळ बंद. सकाळी पेज, रात्री पेज. ती म्हणायची, अहो, चक्कर येते, पायात जीव नाही. मी म्हणायचो, चरबी जळते आहे ती. कारखान्याची चावी माझ्याकडे, दर रविवारी तिला काट्यावर उभी करायचो नि किलो उतरला की ओरडायचो, लाभ! बायको झिजते आहे आणि हा गाढव लाभ म्हणून ओरडतोय. आज तो शब्द तोंडात आला तरी थुंकावंसं वाटतं.

वर्षभरात तिची पोलकी खांद्यावरून उतरायला लागली, नि मी चारचौघांत मिरवतोय, बघा, कशी सडसडीत केली. मग एका सकाळी मागीलदारी जांभ्याच्या पायरीवरून तिचा पाय घसरला. एकच पायरी हो, पडली म्हणजे बसल्यासारखीच, पण उठेना.

रत्नागिरीला नेली. डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडाला धरला नि विचारलं, ह्या जेवत नाहीत का? मी छाती काढून सांगितलं, मीच वजन उतरवलंय. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणाले, पाळी गेल्यावर बाईची हाडं आधीच विरळ होत जातात, अंगावर बेताचं वजन असलं की हाडांना ते पेलायची सवय राहते, चरबीचाही थोडा आधार असतो, पडलं तर मार झेलायला मांस असतं. फार जाडी वाईटच, पण तुम्ही उपाशी ठेवून मांसाबरोबर हाडंही उतरवलीत. आता ह्या चालतील की नाही, मी सांगू शकत नाही.

आणि त्यांनी तिच्या पायाला काय टांगलं म्हणता? वजन. दोरी, कप्पी नि खाली लोंबणारं वजन. कित्येक आठवडे ती तशीच उताणी. भांडं मी द्यायचो, मी काढायचो, पाठीला जखम होऊ नये म्हणून पुसून पावडर लावायचो. त्या घाणीची मला कधी किळस आली नाही, खोटं नाही सांगत. किळस यायची ती हात धुताना आरशात दिसणाऱ्या थोबाडाची.

चालते आता. काठी घेऊन, एक पाय आखूड पडलाय, पण विहिरीपर्यंत जाते. स्वयंपाक मीच करतो. परवा तिच्या पानात भात वाढला, वर सुकटीची चटणी घातली, आणि धीर करून विचारलं, गे, राग गेला का तुझा?

तिने घास सावकाश गिळला नि म्हणाली, उपाशी मला ठेवलीत ते समजलं, पण तुमच्या अकलेला कोणी उपाशी ठेवलं होतं?